पडद्याची सूज: एका डोळ्याला लेझर आणि दुसऱ्याला इंजेक्शन, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, मधुमेह १४ वर्षांपासून. उजव्या डोळ्याची नजर ६/२४, ओसीटीमध्ये (डोळ्याच्या स्कॅनमध्ये) पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागाची जाडी ४२८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). डाव्या डोळ्याची नजर ६/६, मध्यभागाची जाडी २६२, पण मध्याच्या बाजूला सूज आणि पिवळे कण असल्याचा शेरा. सोलापूरच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन आणि डाव्याला लेझर सांगितलं आहे. घरच्यांचं म्हणणं, चांगल्या डोळ्याला लेझर कशाला? खराब डोळ्यालाच एकदा लेझर मारून मोकळं का होऊ नये? आणि लेझरने पडदा जळतो का? नणंदेच्या यजमानांना तर लेझरनंतर दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसायला लागलं. शिवाय मंगळवेढ्याहून दर महिन्याची ये-जा आणि खर्च आहेच.

ताई, मी सासूबाईंचे डोळे स्वतः तपासलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला त्यांचा सल्ला दोन्ही डोळ्यांसाठी योग्य वाटतो. घरच्यांना तो उलटा वाटतोय, कारण त्यांना वाटतं की लेझर नजर वाढवण्यासाठी करतात. पडद्याच्या सुजेत लेझरचं मुख्य काम आहे असलेली नजर टिकवणं. म्हणून तो चांगल्या डोळ्याला सुचवलाय.

आधी सूज कशी येते ते बघू. पडद्यावर केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, जागोजागी सूक्ष्म फुगे येतात आणि त्यांतून पाणी व चरबी पाझरायला लागते. पाणी पडद्याच्या थरांत साठतं, ती सूज. चरबी मागे उरते, ते पिवळे कण. शिवाय रक्तपुरवठा कमी पडलेला पडदा 'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात तयार करतो आणि त्याने चांगल्या वाहिन्याही पाझरू लागतात. ठिबकच्या नळीचं बघा. दोन-चार ठिकाणी भोकं असतील तर तेवढी बुजवता येतात, पण सगळी नळीच झिरपायला लागली तर भोकं बुजवून भागत नाही. डाव्या डोळ्यात पहिला प्रकार दिसतोय, उजव्यात दुसरा.

आता प्रश्न उरतो जागेचा. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा भाग असतो आणि त्याच्याही केंद्रात एक छोटासा खळगा, फोव्हिया. सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, मोबाइलवरचा मेसेज वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी कामं या खळग्याच्या जिवावर चालतात. तिथली जाडी यंत्रागणिक थोडी बदलते, पण साधारण २५० ते ३०० मायक्रॉनच्या आत असावी लागते. उजव्या डोळ्यात ती ४२८ आहे, म्हणजे सूज नेमकी खळग्यात आहे. डाव्यात २६२ आहे, म्हणजे खळगा अजून कोरडा आहे. सूज शेजारी येऊन थांबली आहे आणि पिवळ्या कणांचं कडं केंद्राकडे सरकू शकतं. ते कण एकदा केंद्रात जाऊन बसले की पुढे सूज उतरली तरी नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

डाव्या डोळ्यासारख्या स्थितीसाठीच लेझरचा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या 'ईटीडीआरएस' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. केंद्राला धोका असलेली सूज ज्यांना होती, त्यांच्यात लेझर न केलेल्या १०० डोळ्यांपैकी साधारण २४ डोळ्यांची नजर तीन वर्षांत लक्षणीय खालावली. लेझर केलेल्यांत हे प्रमाण १२ होतं. धोका निम्म्यावर आला. पण नजर ठळकपणे सुधारली असे डोळे त्या अभ्यासात फारच थोडे होते. तुमच्या घरातल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या दोन गोष्टींत आहेत. सहा-सहाची नजर असलेल्या डोळ्याला टिकवण्यासारखं भरपूर आहे. सहा-चोवीसच्या डोळ्याला टिकवून भागणार नाही, तिथे कमावायचं आहे.

डाव्या डोळ्याचं लेझर उद्याच व्हायला हवं अशी आणीबाणी मात्र नाही. पाझरणारे फुगे केंद्रापासून पुरेसे लांब असतील आणि कणांचं कडं स्थिर असेल, तर काही डॉक्टर साखर-रक्तदाब ताब्यात आणून दोन-तीन महिने लक्ष ठेवतात, तेही चूक नाही. सूज केंद्रात पोचली आहे पण नजर अजून उत्तम आहे, अशा डोळ्यांवरही अमेरिकेत एक अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच इंजेक्शन, आधी लेझर किंवा नुसतं लक्ष ठेवणं (आणि नजर उतरली तरच इंजेक्शन), या तिन्ही गटांत दोन वर्षांनी नजरेत फरक आढळला नाही. पण त्या अभ्यासातले लोक ठरल्या तारखेला तपासणीला येत होते. नुसतं लक्ष ठेवण्याचा पर्याय अशांसाठीच असतो. लग्नसराई, सुगी, यात्रा यांत तारीख पुढे जाणार असेल, तर मी डाव्याचं लेझर आत्ताच करून घेईन.

लेझरच्या खोलीत काय होतं ते सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. उपाशी राहायचं नसतं. नाश्ता, बीपीची गोळी, शुगरची गोळी नेहमीप्रमाणे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि अर्धा-पाऊण तास बसवतात. मग भूल देणारे थेंब. इंजेक्शन नाही, टाके नाहीत. नेहमीच्या तपासणीसारख्याच यंत्रावर हनुवटी टेकवायची, कपाळ वरच्या पट्टीला घट्ट लावायचं. डॉक्टर डोळ्यावर जेल लावलेली एक काच ठेवतात, त्यामुळे पापणी मिटता येत नाही आणि मिटावीशी वाटली तरी बिघडत नाही. 'माझ्या कानाकडे बघा' असं सांगतात, ते डोळा एका जागी स्थिर राहावा म्हणून. मग हिरवे किंवा पिवळे झोत, एकेक, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे. प्रत्येक ठिपका ५० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका. डॉक्टर पाझरणारा फुगा शोधतात, त्यावर नेम धरतात, पायाखालचं बटण दाबतात. फुग्याचा रंग बदललेला किंवा त्याच्या मागे अगदी फिकट राखाडी छटा उमटलेली दिसली की पुढचा फुगा. केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत सहसा कोणी जात नाही. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. या प्रकारच्या लेझरला दुखत नाही म्हटलं तरी चालेल.

या सगळ्यात रुग्णाच्या हातात एकच गोष्ट असते, कपाळ मागे न घेणं. बोलायला, खोकायला किंवा मान सरळ करायला हवी असेल तर आधी हाताने खूण करायची, डॉक्टर थांबतात. खुर्ची उंच वाटली, मान अवघडली, तर सुरुवातीलाच सांगायचं. वयस्कर बायका भिडेपोटी अवघडून बसतात आणि मग मध्येच हलतात.

झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्या डोळ्याला अंधारल्यासारखं किंवा रंग बदलल्यासारखं दिसेल, मग उतरेल. बाहुली चार-सहा तास मोठी राहते, म्हणून सोबत माणूस हवा आणि उन्हात गॉगल. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक, अंघोळ, देवपूजा, सगळं चालतं. पट्टी नाही.

परिणाम मात्र हळूहळू दिसतो. सूज आठवड्यांनी उतरते आणि पिवळे कण विरघळायला कित्येक महिने जातात. म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा ओसीटी करून ठरवतात की आणखी लेझर लागतो का. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा लेझर करून घेऊ नका.

लेझरने पडदा जळतो का, असं तुम्ही विचारलंय. हो, नेहमीच्या लेझरने अतिशय छोटे चटके बसतातच, उपाय त्यातच आहे. या उपचाराची सुरुवातच जळण्यापासून झाली. १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर ग्रहण बघून पडदा भाजलेल्यांचे डोळे जर्मनीतले डॉक्टर मेयर-श्विकेराथ यांनी पाहिले आणि हाच प्रकाश मोजून-मापून वापरला तर उपचार होईल, हे त्यांना सुचलं. पुढे झेनॉन दिवा आला आणि १९६० च्या दशकात लेझर. चटक्याची किंमतही असते. मध्याच्या जवळ पुष्कळ ठिपके दिले तर वाचताना अक्षरांच्या बाजूला बारीक फिकट डाग जाणवू शकतात आणि वर्षांनुवर्षांत काही व्रण थोडे पसरतात. केंद्रालाच झोत लागणं फार विरळ, पण झालं तर नुकसान कायमचं. म्हणूनच हलू नका म्हणतात आणि म्हणूनच केंद्रात सूज असलेल्या डोळ्यावर आता लेझरने सुरुवात करत नाहीत.

अलीकडे 'मायक्रोपल्स' प्रकारचा लेझरही मिळतो. त्यात झोत अतिसूक्ष्म तुकड्यांत सोडतात, पडदा तापतो पण व्रण उमटत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'डायमंड्स' अभ्यासात तो नेहमीच्या लेझरइतकाच उपयोगी ठरला, पण त्यात घेतलेल्या डोळ्यांची मध्यभागाची जाडी ४०० मायक्रॉनपेक्षा कमी होती. तेव्हा ४२८ च्या उजव्या डोळ्यासाठी कुणी इंजेक्शनऐवजी मायक्रोपल्स सुचवला, तर 'का' असं नक्की विचारा.

आता उजवा डोळा. इथे व्हीईजीएफला रोखणारं औषध थेट डोळ्यात द्यावं लागतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका संशोधन-जाळ्याने लेझर एकटा आणि रॅनिबिझुमॅब या अशाच औषधाचं इंजेक्शन यांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षभरात फक्त लेझर केलेल्यांना तक्त्यावरची सरासरी ३ अक्षरं जास्त वाचता आली, इंजेक्शनवाल्यांना ९. तेव्हापासून केंद्रातल्या सुजेसाठी इंजेक्शन हा पहिला उपचार झाला. त्याच अभ्यासात काहींना लेझर लगेच दिला होता, काहींना निदान सहा महिने थांबून, गरज पडली तरच. थांबलेल्यांचं काही नुकसान झालं नाही आणि त्यांच्यातल्या अर्ध्याहून अधिक जणांना पाच वर्षांत लेझर लागलाच नाही. उजव्या डोळ्याला लेझर कधीच नाही असं नव्हे. पाच-सहा इंजेक्शनांनंतरही सूज हटत नसेल आणि बाजूला पाझरणारे फुगे दिसत असतील, तर तेव्हा लेझर जोडीला येतो.

'दर महिन्याला, जन्मभर?' या भीतीने लोक इंजेक्शन सुरूच करत नाहीत, म्हणून त्या अभ्यासातले आकडे सांगतो. पहिल्या वर्षी साधारण ८ ते ९ इंजेक्शनं, दुसऱ्या वर्षी २ ते ३, तिसऱ्या वर्षी १ ते २. पाचव्या वर्षी निदान निम्म्या रुग्णांना एकही लागलं नाही. भार पहिल्या वर्षावर आहे. पैसा आणि ये-जा यांची तयारी त्या वर्षाची करा. तीन इंजेक्शनं घेऊन 'बरं वाटतंय' म्हणून बंद करणं हे सगळ्यात महागात पडतं, कारण सूज परत येते आणि वारंवार सुजलेला पडदा शेवटी विरतो. मग औषध कितीही भारी असो, नजर परत येत नाही.

औषधांत बेव्हासिझुमॅब सगळ्यात स्वस्त, रॅनिबिझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या मधल्या दरात, अफ्लिबरसेप्ट आणि फारिसिमॅब महाग. २०१५ मध्ये औषधांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात, नजर साधारण ६/१५ किंवा त्याहून कमी असलेल्या डोळ्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्टचा फायदा जास्त दिसला. सासूबाईंचा उजवा डोळा त्या गटात बसतो. पण २०२२ च्या अभ्यासात बेव्हासिझुमॅबने सुरुवात करून, फरक पडला नाही तरच अफ्लिबरसेप्टवर जाणाऱ्यांची नजर दोन वर्षांनी जवळपास तितकीच होती. वर्षाचं बजेट मर्यादित असेल तर महागड्या औषधाची दोनच इंजेक्शनं घेण्यापेक्षा स्वस्त औषधाची पुरेशी घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बेव्हासिझुमॅब मोठ्या बाटलीतून छोट्या मात्रांत वाटून देतात, तेव्हा ते निर्जंतुक पद्धतीने भरलेलं आहे ना, एवढं विचारायला संकोच करू नका. सरकारी योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड घेऊन त्याच्याकडे चौकशी करा की लेझर किंवा इंजेक्शन यांतलं काय योजनेत बसतं.

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर इंजेक्शनाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशांना कधी कधी स्टेरॉइडचं रोपण देतात. ते तीन-चार महिने पुरतं, पण त्याने मोतीबिंदू वाढतो आणि डोळ्याचा दाब चढू शकतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांना जपून. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग आणि एक-दोन दिवस खुपणं चालतं. पण पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाली वाढली आणि नजर धूसर झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी गाठा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण त्यात तासांना किंमत आहे.

नणंदेच्या यजमानांचं काय? त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालेलं असणार, बहुतेक. त्यात बसवलेल्या भिंगामागची पिशवी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ होते आणि 'याग' लेझरने तिला झरोका पाडला की दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं. त्याचा पडद्याशी संबंध नाही. आणखी एक लेझर आहे, तो मात्र सासूबाईंना पुढे लागू शकतो. मधुमेहात पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवायला लागल्या तर पडद्याच्या बाजूच्या भागावर हजार-दीड हजार ठिपके दोन-तीन बैठकांत देतात. तो थोडा दुखतो, रात्रीची आणि बाजूची नजर काहीशी कमी करतो, पण डोळ्यात रक्तस्राव होऊन आंधळेपण येण्यापासून वाचवतो. त्याने मध्यभागाची सूज तात्पुरती वाढू शकते, म्हणून सूज असलेल्या डोळ्यात आधी किंवा सोबत इंजेक्शन देतात. तुमच्या रिपोर्टमध्ये नव्या वाहिन्यांचा उल्लेख नाही, ही चांगली गोष्ट. तरीही डॉक्टरांना हा एक प्रश्न विचाराच.

कुणाचीही पडद्याची सूज मधुमेहाचीच असते असं धरू नका. नस बंद पडून येते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर येते (ती बहुतेकदा थेंबांनी जाते, लेझरने नव्हे) आणि तरुण-मध्यमवयीन पुरुषांत पडद्याखाली पाणी साठण्याचा एक आजार असतो, जो स्टेरॉइडने चिघळतो. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सासूबाई गुडघ्यांसाठी तसलं काही घेत असतील तर त्याने साखरही चढते. चिठ्ठी नसलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा.

आणि शरीर. ब्रिटनमधल्या 'यूकेपीडीएस' अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं की मधुमेहींचा रक्तदाब काटेकोर ठेवला तर नजर लक्षणीय खालावण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. लोक साखर मोजतात, रक्तदाब विसरतात. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. किडनी पाणी साठवायला लागली असेल किंवा रक्त कमी असेल, तर इंजेक्शनाचा असर अर्धवट राहतो. गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का बघा. ती अंगात पाणी धरते आणि काहींच्या पडद्याची सूज वाढवते. स्वतः बंद करू नका, फिजिशियनना डोळ्याचा रिपोर्ट दाखवून विचारा. साखर फार वाढलेली असेल तर ती टप्प्याटप्प्याने खाली आणायची. एकदम उतरवली तर सुरुवातीला पडदा बिघडू शकतो.

क्रम म्हणाल तर उजव्याचं पहिलं इंजेक्शन लांबवू नका, कारण त्या डोळ्याची नजर आत्ता जातेय. डाव्याचं लेझर त्याच महिन्यात एखाद्या फेरीला जोडून घ्या, म्हणजे एक प्रवास वाचेल. लेझरआधी डॉक्टर हाताच्या शिरेतून पिवळं औषध देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करतील, तर त्याने दिवसभर लघवी पिवळीजर्द होते, घाबरू नका. पण आधी कधी या तपासणीत अंगावर पित्त उठलं असेल तर सांगा.

घरी एक काम तुमच्याकडे. आठवड्यातून एकदा, त्यांचा वाचायचा चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्याने बघायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकतो आणि काही कळत नाही. रेघ वाकडी दिसली, मधली तारीख पुसट झाली, काळे धागे किंवा जाळं तरंगायला लागलं, तर पुढची तारीख महिन्यावर असली तरी फोन करून त्याच आठवड्यात दाखवा.